पांदणीचा चिखल कोणी काढायचा?

मृगाचे दोन मोठे पाऊस पडले की लातूर-नांदेडच्या काळ्या शिवारातला एक रस्ता दरवर्षी हरवतो. चैत्रात ज्या पांदणीतून हळदीचे आणि हरभऱ्याचे कट्टे भरलेली ट्रॉली सहज निघाली, तिच्यात आषाढात बैल गुडघ्यापर्यंत रुततात. मोटारसायकल डांबरी रस्त्याच्या कडेला लावून माणसे चपला हातात घेतात आणि पुढे चालू लागतात. खुरपणीला निघालेल्या बाया साड्या खोचून एकमेकींचा हात धरून पाय टाकतात. आखाड्यावर राहणाऱ्या कुटुंबातली शाळकरी मुले पांदणीच्या तोंडाशी पाय धुतात आणि मगच बूट घालतात. शेतवस्तीवर कुणी आजारी पडले तर त्याला बाजेवर घालून चौघांनी उचलून रस्त्यापर्यंत आणावे लागते. अश्विनात सोयाबीन कापून बनीम (गंजी) लागलेली असते, वरून परतीचा पाऊस येतो, आणि मळणी यंत्र चिखलापलीकडे उभे राहते.

हा चिखल काढून रस्ता चालता ठेवण्याचे काम कोणाचे, या प्रश्नावर गावोगावी मतभेद आहेत. ते केवळ गटबाजीतून आलेले आहेत असे समजणे अन्यायाचे होईल. दोन्ही बाजूंना विचार करणारी माणसे आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही, हेही लक्षात घ्यावे. बर्फाच्या मुलुखात हिवाळा जे करतो, तेच आपल्याकडे पावसाळा आणि काळी माती मिळून करतात. ठरावीक महिन्यांत, न चुकता, सगळ्यांचा रस्ता बंद होतो आणि तो कोणीतरी लगेच मोकळा करावा लागतो. न्यूयॉर्क शहरात घरापुढच्या पदपथावरचा बर्फ त्या मालमत्तेच्या मालकाने ठरलेल्या वेळेत काढायचा असा नियम आहे. मॉन्ट्रियलमध्ये मात्र रस्त्यांबरोबर पदपथांवरचा बर्फही महापालिका काढते आणि ट्रकमध्ये भरून ठरलेल्या जागी नेऊन टाकते. दोन्ही शहरे चालतात. एकाने कामाचा भार रहिवाशाच्या अंगावर टाकला, दुसऱ्याने तो करातून उचलला. आपल्या गावांना यातले काय जमेल, हे आपल्या मातीवरून आणि माणसांवरून ठरवावे लागेल.

आधी मातीविषयी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्याच पावसाळ्यात तो खाली जातो आणि चिखल वर येतो. रस्ता टिकवायचा असेल तर वरची मऊ माती काढावी लागते, दोन्ही कडांना चर घ्यावे लागतात, मधला भाग उंच करून दाबावा लागतो आणि मग मुरूम किंवा खडी टाकावी लागते. एवढे करूनही भरल्या ट्रॉलीची चाके ओल्या रस्त्यावर चाकोरी पाडतातच. म्हणजे इथे दोन वेगळी कामे आहेत: एकदा नीट रस्ता करणे, आणि दरवर्षी तो राखणे. बैठकांतला निम्मा गोंधळ ही दोन कामे एकच समजल्यामुळे होतो, असे मला वाटते.

गावानेच हे काम करावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा वेळेचा आहे. पावसात चार दिवसांची उघडीप मिळते. तेवढ्यात जेसीबी लावून चर मोकळे केले, चाकोऱ्या भरल्या, तर पुढचा महिना निभतो. त्या चार दिवसांत कुठल्याही कार्यालयातून मंजुरी येऊ शकत नाही. शिवाय पाणी कुठे साचते, कुठल्या वळणावर गाडी फसते, कोणाच्या धुऱ्याखालून झरा निघतो, हे त्या पांदणीने रोज जाणाऱ्याला जितके ठाऊक असते तितके अंदाजपत्रक करणाऱ्याला नसते. एकरी वर्गणी काढून, ज्याचा ट्रॅक्टर त्याने ट्रॅक्टर देऊन, डिझेलचा खर्च वाटून अनेक गावांनी आपल्या पांदणी चालत्या केल्या आहेत. औसा तालुक्यात आमदार अभिमन्यू पवार यांनी शेतरस्त्यांचा विषय लावून धरल्यानंतर जे रस्ते झाले, त्यांतही सरकारी योजनांइतकाच वाटा धुऱ्यावर समोरासमोर उभे राहून तडजोड करणाऱ्या शेतकऱ्यांचा होता. आपण पैसे घातलेल्या रस्त्यावर माणूस नांगर फिरवत नाही. हा अनुभव क्षुल्लक नव्हे.

परंतु ‘गावाने करावे’ म्हणताना गाव म्हणजे कोण, हे विचारावे लागते. श्रमदान हा शब्द कानाला गोड लागतो. पण हा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि वेठबिगारीची आठवण इथल्या अनेक घरांत पुसलेली नाही. गावकीची फुकटची कामे कोणत्या वस्तीच्या वाट्याला येत, हे सर्वांना माहीत आहे. आज कोणी कुणाला वेठीला धरत नाही. तरीही ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही अशा मजुराला ‘उद्या घरटी एक माणूस’ असा निरोप जातो, तेव्हा तो दुसऱ्याच्या शेताकडे जाणारा रस्ता स्वतःचा रोज बुडवून दुरुस्त करतो. तो नाही म्हणू शकतो, हे खरे. पण हंगामात ज्यांच्याकडे काम मागायचे त्यांनाच नाही म्हणायचे, हे सोपे नसते.

दुसरी अडचण उत्साहाची आहे. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी लोकवर्गणी उभी करून मांजरा नदीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे काम अंगावर घेतले. त्याच वर्षी शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यातली गावे पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत उतरली आणि हजारो हातांनी चर खोदले. ही उदाहरणे अभिमानाची आहेत आणि लोक एकत्र येत नाहीत हा आरोप ती खोटा पाडतात. मात्र संकटाच्या वर्षी एकदा उठणे आणि कोणी पाहत नसताना दरवर्षी ज्येष्ठात चर साफ करणे, यांत फरक आहे. पहिल्यासाठी उमेद लागते. दुसऱ्यासाठी यादी, हिशेब आणि कोणाचे तरी नाव लागते.

सरकारनेच करावे या बाजूकडे वळू. तिचा आधार भक्कम आहे. गावातले सार्वजनिक रस्ते बांधणे आणि राखणे हे 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीच्या कामांत धरले आहे. शेतकरी कर भरतो, बाजार समितीत त्याच्या मालाच्या उलाढालीवर शुल्क घेतले जाते, मग त्याच्या मालाच्या रस्त्यासाठी त्यानेच पुन्हा वर्गणी का काढावी? शहरातल्या कोणत्या वसाहतीला रस्त्याच्या डांबरासाठी वर्गणी मागितली जाते? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. राज्याने स्वतःही ही जबाबदारी नाकारलेली नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आली आणि रोजगार हमीशी सांगड घालून या रस्त्यांना पैसा देण्याचे ठरले. मजुराच्या बाजूने पाहिले तर हा मार्ग अधिक सन्मानाचाही आहे. महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळातून शिकून 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तो याच विचाराने की गावाच्या उपयोगाचे काम व्हावे आणि करणाऱ्याला दाम मिळावा.

पण रोजगार हमीची चौकट आणि काळ्या मातीचा रस्ता यांचा मेळ सहज बसत नाही. 2005 च्या केंद्रीय कायद्याने मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण 60:40 असे घातले. हेतू योग्यच होता, यंत्राने माणसाचे काम हिरावू नये. रस्त्याला मात्र मुरूम, खडी आणि रोलर लागतो, आणि खर्च साहित्याकडे झुकतो. मग ते प्रमाण राखण्यासाठी वृक्षलागवड, बांधबंदिस्ती, विहिरी अशी मजुरीप्रधान कामे जोडून हिशेब बसवावा लागतो. जिथे लोकप्रतिनिधी आणि अधिकारी जागरूक असतात तिथे तो बसतो. इतरत्र एक तर काम रेंगाळते, नाहीतर कागदावर मजूर आणि शिवारात यंत्र अशी तक्रार येते. आणि चार दिवसांच्या उघडिपीचा मुद्दा तसाच उरतो. योजना रस्ता करू शकते. श्रावणातल्या एका रात्रीत पडलेली चाकोरी तिला भरता येत नाही.

आतापर्यंतचा वाद पैशांचा आणि कष्टांचा झाला. याहून अवघड वाद जमिनीचा आहे, आणि गावातली माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलणे टाकतात ती त्यापायी. गावनकाशावर गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो आणि पायवाट एका तुटक रेषेने. गाडीरस्त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. प्रत्यक्षात अनेक पांदणी सहा-सात फुटांवर आल्या आहेत. दोन्ही बाजूंनी धुरा दरसाल नांगराचे एकेक तास आत सरकतो, बोरी-बाभळी वाढतात, आणि एका पिढीत बैलगाडीचा रस्ता पायवाट होतो. पांदणी मोकळ्या करू पाहणाऱ्यांचे म्हणणे स्पष्ट आहे: जागा सार्वजनिक आहे, नकाशा पाहा, मोजणी करा आणि हटवा. शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे त्याच्या दृष्टीने पांदण बंद होणे म्हणजे शेत असून नसल्यासारखेच. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरच्या केळीच्या पट्ट्यात ट्रक आत जात नसेल तर घड डोक्यावरून वाहून न्यावे लागतात. त्या ओझ्याची मजुरी शेतकऱ्याच्या पदरातून जाते आणि रगडलेल्या केळीचा भावही पडतो.

तरीही धुऱ्यावरच्या माणसाची बाजू ऐकली पाहिजे. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट. बारा फुटांचा रस्ता तीनशे तीस फूट लांबीच्या शेताच्या कडेने गेला तर साडेतीन गुंठ्यांहून थोडी जास्त जमीन जाते. दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी घेतली तरी प्रत्येकाची पावणेदोन गुंठ्यांच्या वर. दहा एकरवाल्याला ती जाणवणार नाही. एका एकरवाल्याच्या चाळीस गुंठ्यांतून ती गेली की त्या वर्षी कट्टा-दीड कट्टा कमी भरतो, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी. 2015-16 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातले सरासरी खातेक्षेत्र 1.34 हेक्टर होते, आणि भावांत वाटण्या होऊन ते उतरतच चालले आहे. शिवाय अतिक्रमण करणारा पुष्कळदा आजचा मालक नसतो. त्याने वडिलांकडून घेतले, किंवा विकत घेतले, ते धुऱ्यासकट. ‘चोर’ म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले की तडजोडीची वाट तिथेच संपते.

लातूर जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीसह अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. घरे सुरक्षित झाली, गल्ल्या रुंद झाल्या. पण शेती जिथे होती तिथेच राहिली. जुन्या गावठाणालगतचे शेत अनेकांना दूर पडले, आणि जी वाट पूर्वी घराच्या मागून निघत होती तिच्यासाठी आता दुसऱ्यांच्या शेतांच्या कडेने जावे लागते. अशा ठिकाणी जुना नकाशा काढून सगळे प्रश्न सुटत नाहीत, कारण गरजच नवी आहे.

कायद्याने यासाठी दोन दारे ठेवली आहेत. असलेला रस्ता कोणी अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे जाता येते, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते, आणि निर्णय मान्य नसलेल्याला वर्षभरात दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे. मे 2025 मध्ये शासनाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असेही ठरवले. नोंदीचा हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. तोंडी दिलेली वाट देणाऱ्याबरोबर संपते. शेत विकले गेले की नवा मालक म्हणतो, मला कोणी सांगितले नव्हते. सातबाऱ्यावर आलेली वाट मात्र शेताबरोबर पुढे जाते. रुंदीच्या बाबतीत मी थोडा सावध आहे. जिथे दोन्हीकडे एकेक एकरवाले आहेत तिथे सरसकट चार मीटरचा हट्ट न धरता तीन मीटर रस्ता आणि दर काही अंतरावर समोरून आलेल्या गाडीला वाट देण्यापुरती रुंद जागा, अशी सोय करता येईल. अशी जागा शक्यतो मोठ्या शेताच्या कडेला घ्यावी. यावर कोणी म्हणेल की एकदा सूट दिली की प्रत्येक जण मागेल. ही भीती खरी आहे. पण पोलीस बंदोबस्तात काढलेला रुंद रस्ता पुढच्या पेरणीला पुन्हा नांगरला जातो, हेही घडते.

पाण्याचा मुद्दा बैठकांत शेवटी येतो, तो आधी यायला हवा. पांदण म्हणजे अनेक ठिकाणी पाण्याची जुनी वाटच असते. ती उंच करून मुरूम टाकला आणि खाली नळ्या घातल्या नाहीत, तर रस्ता कोरडा होतो आणि वरच्या अंगाचे शेत तळे होते. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाडाभर उभे सोयाबीन पाण्यात कुजले. त्यानंतर आपल्या शेतावरचे पाणी अडवणाऱ्या भरावाला विरोध करणाऱ्याला आडमुठा म्हणणे बरोबर नाही. दुसरीकडे, नळी टाकली की खालच्या अंगाचा शेतकरी म्हणतो, आजवर पसरून येणारे पाणी आता एका धारेने माझ्या शेतात उतरते आणि माती वाहून नेते. त्याचेही खोटे नसते. इथे सर्वांचे समाधान होईल असा उपाय नाही. चर नाल्यापर्यंत नेणे हाच त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग आहे, आणि त्याने खर्च वाढतो, हे कबूल करूनच रस्त्याचा अंदाज मांडावा.

या सगळ्याचा विचार करता माझा कल असा आहे. पांदण मोजणे, मोकळी करणे, तिचा पहिला पक्का थर आणि नळ्या, हे शासनाचे काम आहे आणि ते वर्गणीवर सोडू नये. कारण जमिनीच्या वादात गावाच्या एकमतावर विसंबले की झुकावे लागते ते दुबळ्याला. तहसीलदाराला निदान कागद दाखवावा लागतो. त्यानंतरची दरवर्षीची राखण मात्र गावाने अंगावर घ्यावी, कारण ते काम वेळेवर दुसरे कोणी करूच शकत नाही. शासनावर सगळे सोपवणाऱ्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचा ‘आम्हीच का?’ हा प्रश्न मी वर म्हटल्याप्रमाणे अनुत्तरितच राहतो. तरीही तत्त्वाने आपली बाजू बरोबर असताना बनीम पावसात भिजत राहावी, ही किंमत मला जास्त वाटते.

राखणीची वर्गणी एकरी असावी, आणि तोंडाशी शेत असलेल्याला व टोकाला असलेल्याला दर सारखाच. तोंडाशी असलेला म्हणेल, माझा उपयोग पन्नास फुटांचा, मी पूर्ण वर्गणी का देऊ? त्याचे म्हणणे चूक नाही. पण सगळ्यांच्या ट्रॉल्या त्याच पन्नास फुटांवरून जातात आणि तिथलाच रस्ता आधी मोडतो. ज्याची जमीन रस्त्यात गेली त्याला वर्गणीतून मोकळे ठेवावे. भाड्याने ट्रॅक्टर किंवा मळणी यंत्र चालवणाऱ्यांनी थोडे जास्त द्यावे, कारण चाकोरी त्यांची चाके पाडतात. ज्या शिवारातून ऊस जातो तिथे कारखान्यानेही मुरमाचा वाटा उचलावा, अशी मागणी गैर नाही. भूमिहीनाकडून पैसा घेऊ नये आणि फुकटचे कामही घेऊ नये. चर साफ करायला तो आला तर त्याला त्या दिवसाचा चालू रोज मिळावा. एकरी वर्गणीत हा खर्च बसत नसेल तर वर्गणी वाढवावी.

हिशेब ठेवायला दरवर्षी दोन माणसे नेमावीत, शक्य तर एक तोंडाकडची आणि एक टोकाकडची. त्यांच्याकडे थोडी रक्कम आधीच जमा असावी, म्हणजे उघडीप मिळताच जेसीबीवाल्याला फोन करता येईल आणि वर्गणीसाठी घरोघरी फिरण्यात कोरडे दिवस जाणार नाहीत. मुरूम काढायला गौणखनिजाची परवानगी लागते, ती उन्हाळ्यातच मागून ठेवावी.

1 मेची ग्रामसभा यासाठी सोयीची आहे. रब्बी निघालेली असते, शेते रिकामी असतात, धुरे उघडे दिसतात आणि मृगाला पाच आठवड्यांहून थोडे अधिक दिवस उरलेले असतात. सभेआधी एका सकाळी दोन्ही कडांच्या शेतकऱ्यांनी गावनकाशा हातात घेऊन पांदण या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यावे. वरच्या अंगाला ज्याचे शेत आहे त्याला पुढे घालावे. गेल्या पावसाळ्यात पाणी कुठे थांबले होते, ते त्याने बोटाने दाखवावे आणि तिथे चुन्याची खूण करावी.